चाकांतली हवा सांगणारं यंत्र

आमचे हे राजेश्वर गावाहून गुलबर्ग्याला भाड्याने गाडी चालवायचे. दवाखान्याला जाणारी माणसंच जास्त. एकदा डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याला घरी आणताना हुमनाबादच्या अलीकडे मागचं टायर फुटलं आणि गाडी उलटली. यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. म्हातारा मात्र डोळ्यावरच्या पट्टीसकट जागीच गेला. त्याच्या घरच्यांनी दोष दिला नाही. यांनी सकाळीच हवा बघितली होती, हे त्यांनाही माहीत होतं.

गाडी दुरुस्त झाली, पण हे तिच्यात बसेनात. मस्कतला कामाला असलेल्या माझ्या मोठ्या भावाला ते कळलं. सुट्टीवर येताना तो एक यंत्र घेऊन आला. चाकांच्या व्हॉल्व्हवर नेहमीच्या टोपणांऐवजी सेन्सर बसवायचे, की काचेपाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर चारही चाकांतली हवा आकड्यांत दिसायची. हवा उतरली की यंत्र वाजायचं. हे पुन्हा गाडी काढू लागले. मला वाटलं, सुटलो.

पण यांची नजर रस्त्यावर कमी, पडद्यावर जास्त. उन्हात टायर तापून आकडे चढले की गाडी थांबवून चाकाला हात लावून बघायचे. थंडीत सकाळी आकडे उतरलेले दिसले की निघायलाच तयार नसत. सारखे काढून-लावून एका सेन्सरचं आतलं रबर फाटलं आणि ते बदलेपर्यंत तिथूनच हवा झिरपत राहिली. दुसऱ्याची बॅटरी संपली. घड्याळवाल्याकडून तसलीच चपटी बॅटरी आणून मी घातली, पण ते चाक कधी दिसे, कधी नुसत्या रेघा. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, काढून टाका सगळं, पहिल्यासारखं हवा मोजायच्या गेजनं बघत जा.

"त्या दिवशी बी गेजनंच बघितलो होतो की," हे म्हणाले.

भाडी तुटत गेली. शेवटचं भाडं शेजारच्या दिवस भरलेल्या सुनेचं. सोबतीला तिची सासू आणि मी होतो. गाव सुटलं तोच यंत्र वाजू लागलं. हे खाली उतरले ते पुन्हा बसेचनात. सासूनं विचारलं, "कामून थांबलाव, अण्णा?"

"हवा हाय का न्हाई, मला कळंना झालंय."

मागून आलेल्या जीपमधून सासू-सून पुढे गेल्या. मी पंक्चरवाल्याला बोलावून आणलं. चारही चाकांत हवा बरोबर होती. मी तसं सांगितलं. यांनी मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

नंतर हे गुलबर्ग्याला तुरीच्या डाळमिलमध्ये पोती उचलायला लागले. एकदा आम्ही दोघं बसनं गावी येत होतो. सगळ्या वाटेनं ते समोरच्या सीटचा दांडा धरून होते. मी घरचं काहीबाही बोलू लागले.

"गप बस," ते म्हणाले, "चाकाचा आवाज ऐकायलोय."