नदीखालून जायचं नाही

चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही, आणि अक्षरही किरटं आहे. कुणी हे वाचलंच तर माफ करावं. बोलायला जमत नाही म्हणून लिहिते.

माझे यजमान सांगलीकडचे. इथे कोलकात्यात सोनं गाळायच्या भट्टीवर कामाला आहेत. सासूबाई आमच्यापाशीच असत. त्यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. परवडणारं हॉस्पिटल नदीपलीकडे, हावड्यात. एस्प्लनेडहून नदीखालून मेट्रो जाते. थोडक्या पैशांत, चहा निवायच्या आत माणूस पलीकडे.

सासूबाई नाही म्हणाल्या. आगगाडी नवी आली तेव्हाच्या गोष्टी त्यांनी आजीकडून ऐकल्या होत्या, आजीने तिच्या आजीकडून. कोळशाच्या इंजिनाला बळी लागतो. पूल बांधताना साहेबाची माणसं पोरं पळवून खांबाखाली पुरतात. त्या वेगात बसलं की आयुष्य तेवढं कमी होतं. लांबून धूर दिसला की बायका पोरांना घरात कोंडून घेत.

"वरच्या पुलाला पोरं लागली," त्या म्हणायच्या, "मग नदीच्या पोटातनं न्यायला किती लागली असतील गं?"

"आई, आता यंत्रानं खोदतात," यजमान सांगायचे.

"मग तुझ्या यंत्रालाच ने दवाखान्यात."

एकदा आम्ही त्यांना कसंबसं खाली नेलं. सरकता जिना संपता संपेना. खाली काचेची भिंत, काचेमागे अंधार. गाडी आली, काच सरकली, आणि सासूबाई मटकन फरशीवर बसल्या. "श्वास ओढून घेतीय ती माझा," एवढंच म्हणत राहिल्या. माणसं जमली. एक बाई बंगालीत विचारत होती, काय झालं म्हणून. मला सांगता आलं असतं, पण तोंडातून शब्द फुटेना. गाडी निघून गेली. आम्ही वर आलो.

मग टॅक्सीच. बसमध्ये परतताना त्यांना उभं राहवत नसे. टॅक्सीचे पैसे मी वरच्या मजल्यावरच्या ताईंकडून उसने घेत होते. ताई इथेच जन्मलेल्या मराठी, शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे मी महिन्याच्या पगारावर पोळ्या करते.

पैसे उसने आहेत हे यजमान एका दुपारी सासूबाईंच्या देखत बोलून गेले. पुढच्या वेळी दवाखान्यात जायला मी लुगडं काढून ठेवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आज बरं वाटतंय मला. राहू दे." त्यानंतरच्या वेळीही तेच. पाय सुजले, मग चेहरा.

"आई, पैशांचं आम्ही बघू," मी म्हटलं.

"तू बघणार? तोंड उघडून पगार मागता येत नाही तुला."

"मग मेट्रोनं तरी चला. मी हात धरून बसते."

"त्यापेक्षा इथंच बरी."

यजमान रागावले, रडलेसुद्धा. टॅक्सी दारात आणून उभी केली. सासूबाईंनी खाटेचा दांडा धरून ठेवला. दोन दिवसांनी त्या गेल्या. छातीत पाणी भरलं होतं. शेवटी तोंड उघडून नुसता श्वास शोधत होत्या.

ताई म्हणाल्या, "आता राहू दे गं ते पैसे." पण पोळ्यांचे महिन्याचे पैसे त्यांनी पुढे केले की मी हात मागे घेत राहिले. असं वर्षाच्या वर चाललं. काल ताईंनी पैसे माझ्या मुठीत दाबले आणि म्हणाल्या, "हे या महिन्याचे, तुझे. फिटलं सगळं."