आमी न्हाई घेत चहा

भोरहून हिर्डोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी दहा महिने राहिले. आसपासच्या शाळांमध्ये पुस्तकांच्या पेट्या पोहोचवायच्या आणि मुलं काय वाचतात ते लिहून ठेवायचं, असं काम होतं. खोली एका लांब घराच्या टोकाला होती. घरमालक पुण्यात. भिंतीपलीकडे एक मावशी आणि त्यांची सून राहायच्या. दोन्ही दारांपुढे ओटा एकच होता.

सकाळी मी कॉफी करायचे. पंधरा ग्रॅम बिया हातानं दळायच्या, चिनीमातीच्या शंकूत गाळायचा कागद बसवायचा, लांब चोचीच्या किटलीतून आधी थोडंसंच पाणी सोडायचं. कॉफी ओली होऊन फुगते, वर बुडबुडे येतात, मग ती बसते. तेवढा वेळ थांबायचं. मग पुन्हा पाणी, गोल गोल, कडेला लागू न देता. सगळं मिळून चार मिनिटं. तेवढा वेळ हातांना काम असायचं आणि आपल्याशी कोणी बोललेलं नाही हे लक्षात यायचं नाही. शंकू एकाच कपाचा होता. घेताना तो मला सोयीचा वाटला होता.

बोलायची मला भीती वाटायची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी होती, पण जेवायला ये, दिवा बंद कर, एवढ्यापुरती. गावात मी तोंड उघडलं की लोक बातम्या ऐकल्यासारखे थांबून ऐकायचे. म्हणून मी एसटीत बसून त्यांचं बोलणं ऐकायला लागले. एकटी बाईसुद्धा स्वतःला 'आमी' म्हणायची. "आमी भोरला उतरनार." "आमी न्हाई बाई जात तिकडं." मला ते फार आवडलं. एकटीनं म्हटलं तरी मागे चार माणसं उभी आहेत असं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात मावशींनी ओट्यावरून हाक मारली, "अगं ए पोरी, ये की चहाला. दार लावून काय बसतीस येकटी?"

आत दुधाचा चहा उकळत होता. दूध मला लहानपणापासून पचत नाही. ते सांगायचं तर पोटाचं काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तेवढी ओळख नव्हती. मी दारातूनच, नवीन शिकलेली मराठी वापरून, हसून म्हणाले, "आमी न्हाई घेत चहा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर मी 'मॅडम' झाले. 'अगं' गेलं, 'तुमी' आलं. "मॅडम, तुमचं कपडं भिजत्याल." "तुमी पानी भरा आधी." मला वाटलं, माझ्या कामाचा मान ठेवतायत. पण चहाला हाक पुन्हा आली नाही. पलीकडे दोघींचं हसणं चालायचं आणि मी किटली हातात धरून ते ऐकायचे.

नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा आणि तो कॉफीत उतरायचा. म्हणून मी भोरहून पाण्याचा जार मागवायला लागले. टेम्पोवाला तो ओट्यावर, मावशींच्या दारासमोर ठेवून जायचा.

एका सकाळी सामाईक नळावर मी बादली घेऊन गेले तेव्हा सून मोठ्यानं म्हणाली, "आत्या, कळशी बाजूला घ्या. आपला हात लागंल, मग मॅडमना जारच्या पान्यानं अंघूळ करावी लागंल."

"गप ए," मावशी म्हणाल्या. पण कळशी त्यांनी बाजूला घेतली.

बादली भरेपर्यंत मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर मी रोज बघत होते. माझं आडनाव गावात पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. आमच्या घरी जातीचा विषय कधी निघत नसे, आणि मी त्याला चांगुलपणा समजत आले होते. आमी न्हाई घेत. म्हणजे आमच्यातले लोक तुमच्याकडचं घेत नाहीत. मी हेच म्हणाले होते, तेही हसून.

तीन दिवस मी कॉफी गाळताना वाक्यं जुळवत होते. इंग्रजीत सगळी नीट यायची. मराठीत 'जात' हा शब्द आला की वाक्य तिथंच अडायचं. चौथ्या दिवशी रविवार होता. वाक्य न जुळताच मी पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मावशी, पाणी देता?"

"नळाला आलंय की."

"प्यायला. तुमच्या हंड्यातलं."

त्यांनी तांब्या भरला आणि माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. मी उचलला, तोंडाला लावला आणि सगळा संपवला. अर्धं पाणी गळ्यावरून कुर्त्यात गेलं.

"घ्या!" सून आतून म्हणाली. "तांब्या उष्टा केला की मॅडमनी."

"मावशी, मी त्या दिवशी आमी म्हणाले ना, ते म्हणजे मी. मी एकटी. मला दूध पचत नाही. पोट बिघडतं."

"मग मी म्हनायचं. आमी कशाला म्हनायचं?"

"तुम्ही सगळे म्हणता."

"आमी म्हनतो ती आमची बोली झाली," मावशी म्हणाल्या. "तुमी म्हनलं की त्यात तुमचं समदं घर येतं."

मी सॉरी म्हणाले. तो शब्द तिथं फार हलका वाटला. मावशींनी तांब्या उचलला, विसळला आणि पुन्हा हंड्यावर पालथा घातला.

पुढच्या रविवारी मी कागद ओला करत असताना भिंतीवर थाप पडली. "मॅडम, कोरा ठेवलाय. बिनदुधाचा. घेनार का तुमी?"

"घेते," मी म्हणाले. "मी घेते."

गुळाचा चहा होता, गोडमिट्ट. सून म्हणाली, "पोट बघा हां, न्हाईतर आमच्या नावानं बोंब." तिघी हसलो. मग त्या दोघी कुणाच्या तरी लग्नाचं बोलायला लागल्या, आणि मी कप धरून ऐकत बसले.

खोली सोडेपर्यंत दर रविवारी कोरा चहा मिळाला. शेवटच्या दिवशी मावशी एसटीपर्यंत आल्या, पिशवी खिडकीतून आत दिली. "पोचल्यावर फोन करा," म्हणाल्या. करा. मी वाट पाहत होते, एकदा तरी 'कर' म्हणतील म्हणून. पण ते मागायचं कसं, हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. गाडी सुटली.