एका ओळीत मावत नाही, म्हणणारा माधव

सुनीताचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या ग्रोसरी स्टोअरबाहेर गाडी पार्क करत होते. “चारू, माधव गेला गं... सकाळी वॉकला गेला आणि तिथेच कोसळला.” माधव म्हणजे तिचा नवरा आणि माझा ऑफिसातला जुना मित्र. त्याला आता काही आठवडे झाले, तरी माझं कशात मन लागत नाही. रडू येत नाही, नुसती चिडचिड होते. भांडण अर्धवट टाकून असं कोणी जातं का?

भांडण साधंच होतं. प्रोग्रॅमर लोकांना लागणाऱ्या तयार फंक्शन्सची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, माहिती आम्ही दोघं लिहायचो. सगळ्या फंक्शन्सची यादी ज्या पानावर असते, तिथे किती सांगायचं, यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजायचं. मी म्हणायचे, नाव आणि एक ओळ, बास. हवं असेल तो क्लिक करेल. “कोणी क्लिक करत नाही यार!” माधवचं नागपुरी टिपेला जायचं. “काय द्यायचं, काय मिळेल, सगळं समोर दिसू दे. आणि हवं ते सापडलंच नाही, तर फंक्शन काय करतं? रिकाम्या हातानं परत येतं की एरर देतं? हे तर दिसायलाच पाहिजे न बाप्पा!” मी त्याला रटाळ म्हणायचे, तो मला कंजूष.

इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणालाही, तेच. माझ्या भांड्यावर चिठ्ठी असायची, ‘उसळ’. त्याच्या चिठ्ठीवर तिखट किती, दाण्याचं कूट आहे का, कांदा-लसूण आहे का... लोक वाचत उभे राहायचे आणि मागे ही रांग! मी हसायचे. एकदा मात्र एका आईनं माझी उसळ सोडून त्याचीच घेतली. तिच्या मुलाला दाण्याची अ‍ॅलर्जी होती. माधवनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. असा राग आला होता मला!

परवा नवीन व्हर्जनची मीटिंग झाली. मॅनेजर म्हणाला, यादी आटोपशीर करू, एकेक ओळ ठेवू. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी नेहमी तेच तर म्हणत आले. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तर माधवनं इतकी वर्षं लिहिलेलं सगळं पानावरून पुसलं गेलं असतं. म्हटलं, बाकीचं काढा, पण सापडलं नाही तर काय होतं, ती ओळ राहील.

“बट इट्स क्लटर,” रिया म्हणाली, म्हणजे पानावर नुसती अडगळ. ही इथेच जन्मलेली आमची नवी डेव्हलपर. मंडळात मला मावशी म्हणते, ऑफिसात नावानं हाक मारते. मी तावातावानं बोलायला लागले. घाईतला माणूस, भलत्या वेळी बंद पडलेला प्रोग्रॅम, सगळी माधवचीच उदाहरणं. तीही हटेना. शेवटी मॅनेजरनं हात टेकले, ओळ राहिली. तरी मी बोलतच होते.

“मावशी, सिट डाउन ना,” रिया हळूच म्हणाली.

तेव्हा कळलं, मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. वाद पेटला की माधव अशाच मारायचा. खुर्ची पुढ्यातच होती... पण बसवेना.