धरलेली जागा

भिंगारच्या छगन गाडेकरला एस.टी.त जागा मिळाली नाही, असं कधी झालंच नव्हतं. तो पंपाच्या कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होता. घर भिंगारला आणि कारखाना नगरच्या पार पलीकडे, मनमाड रस्त्यावर. त्यामुळं रोज सकाळी माळीवाड्याला उतरून सव्वासातची नागापूरची गाडी पकडावी लागे. दारातल्या रेटारेटीत तो कधी शिरायचाच नाही. गाडी फलाटाला लागता लागता मागून तिसऱ्या खिडकीतून जेवणाचा डबा आत सोडायचा आणि सगळ्यांच्या शेवटी, पाहुण्यासारखा सावकाश चढायचा.

"छगनराव, लेथपेक्षा तुमचा हात खिडकीवर जास्त बसलाय," त्याच गाडीनं जाणारे कारकून आबासाहेब म्हणायचे. "एखाद्या दिवशी पाटी तरी वाचत जा!"

"पाटी परगावचा माणूस वाचतो, आबासाहेब. आपल्याला गाडी आवाजावरून कळते."

सत्तर सालच्या दिवाळीत बालवाडीला सुट्टी लागली. छगनची बायको भागीरथी दवाखान्यात आया होती, तिला सुट्टी नव्हती. म्हणून पाच वर्षांच्या मनीला रोज कारखान्यामागं राहणाऱ्या आजीकडं, झुंबरबाईंकडं सोडायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी छगनच्या डोक्यात आलं, डबा काय, कुणीही उचलून बाजूला ठेवतं. पोरीला कोण उचलणार?

तेव्हापासून डब्याऐवजी मनी खिडकीतून आत जाऊ लागली. बाकावर दोन्ही हात पसरून ती ओरडायची, "ही माझ्या आण्णांची जागा हाये!" सगळी गाडी हसायची. कारखान्याचं गेट आलं की ती बाकावर उभी राहून घंटेची दोरी एकदा ओढायची. कंडक्टरनं तो मान तिला देऊन टाकला होता. खाली गेटवरचा वॉचमन रंभाजी तिला उचलून घ्यायचा आणि आजीकडं पोचवायचा.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी माळीवाड्याच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्यामुंबईची माणसं शिर्डीला निघाली होती. ट्रंका, हारांच्या टोपल्या, थर्मास, गॉगल लावलेल्या बायका. सव्वासात वाजले. नेहमीच्या फलाटाला, नेहमीच्या खडखडाटानं गाडी लागली. छगननं मनीला काखेत धरून तिसऱ्या खिडकीतून आत सोडलं आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. घाई कशाला? जागा झाली होती.

दारात त्याचा पाय पडला तोच कंडक्टरनं आडवा हात घातला.

"बास! भरली गाडी."

"अहो, माझी जागा हाये आत!"

"समद्यांचीच असती. व्हा मागं!"

"माझी जागा धरलीय म्हणतो ना! तिसऱ्या खिडकीला!"

दार आपटलं. टण् टण् दोन घंटा झाल्या. गाडी वळली तेव्हा छगनला पुढची पाटी दिसली. 'शिर्डी जादा'. सुट्टीच्या गर्दीसाठी त्याची रोजची गाडी शिर्डीला लावली होती. खिडकीत मनीचे पसरलेले हात क्षणभर दिसले, आणि गाडी गेली.

तो धावला. मोटारी, टांगे, सायकली चुकवत तो मनमाड रस्त्याला लागला. ऊस आणायला निघालेला एक रिकामा ट्रक त्यानं अक्षरशः आडवा पडून थांबवला.

"पुढं गेलेली शिर्डीची एस.टी. गाठा!" तो म्हणाला.

"कोन हाय गाडीत?" ड्रायव्हरनं विचारलं.

छगन नुसतं बोट पुढं करून बसला. वाटेत त्याच्याच कारखान्याचा आठचा भोंगा वाजला. त्यानं मानही वळवली नाही. डोळे फक्त पुढं, लाल रंगाच्या शोधात.

शिर्डीची गाडी राहुरीच्या स्टँडवर चहाला उभी होती. छगन आत घुसला. तिसऱ्या खिडकीला एक जोडपं बसलं होतं आणि त्यांच्या मांडीवर फुलांची टोपली होती.

"इथं... इथं मुलगी होती..."

"ती होय! आम्हाला बसूच देईना," बाई म्हणाली. "मग मधेच उठली, दोरी ओढली आणि उतरून गेली."

"कुठं?"

"ते काय माहीत बाई. आम्ही मुंबईचे."

छगन गाडीच्या वाटेतच खाली बसला. मागून चहाचा कप घेऊन कंडक्टर आला.

"ती तुमची हुती? कंपनीच्या गेटाला उतरली. वॉचमन ओळखीचा निघाला, त्यानं उचलून घेतली." मग त्यानं छगनकडं नीट पाहिलं. "तुमीच का दारात भांडत हुता? जागा हाय, जागा हाय काय लावलं हुतं? पोरगी हाय म्हनला असता, तर जाग्यावर गाडी थांबवली असती की!"

छगन उठला आणि नगरकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीत चढला. परतीच्या वाटेवर त्यानं दारातलं आपलं बोलणं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. पोर आत होती आणि तोंडातून दोन्ही वेळा 'जागा'च निघाली होती.

गेटवर मनी रंभाजीच्या बाकड्यावर एका टोकाला बसली होती. बाकीच्या बाकड्यावर तिनं तळहात पसरून ठेवला होता.

"आजीकडं चल म्हनलं तर ऐकंना," रंभाजी म्हणाला. "आन्ना आल्याबिगर जागा सोडायची न्हाई म्हनती. मलाबी बसू देईना, लई वस्ताद!"

"आण्णा, मी कुणाला दिली नाही," मनीनं हात उचलला. "बसा."

छगन बसला नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तसाच उभा राहून रडला.

भागीरथीला त्यानं सगळं सांगितलं. फक्त दारात आपण काय ओरडलो, तेवढं सांगितलं नाही. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. सव्वासातच्या गाडीत अर्धे बाक रिकामे असले तरी छगन दांडी धरून उभा असतो. "बसा की हो छगनराव," आबासाहेब सरकून म्हणतात. तो मान हलवतो आणि गाडी गेटला येईपर्यंत तिसऱ्या खिडकीकडं बघत नाही.