जांभळं औषध

दोन्ही हात पाठीमागे बांधून ते खुराड्यासमोर उभे असायचे, कुस्तीच्या फडात पंच उभा राहावा तसे. समोर कोंबड्यांची टोचाटोची चाललेली. कुणी सोडवायला गेलं की मान न वळवता म्हणायचे, "मधी पडू नगा. त्यांचं त्यांना ठरवू दे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत, आणि सगळं गाव त्यांना भला माणूस म्हणतं. वस्ती त्यांना आबा म्हणायची. नाव सांगायची गरज नाही.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात, कळंबच्या पलीकडे एका वस्तीवरच्या उपकेंद्रात नर्स होते. राहायची खोली उपकेंद्राला लागूनच. मध्ये शेराच्या झुडपांचं विरळ कुंपण आणि पलीकडे आबांचं अंगण, त्यामुळे भांडी घासताना तिकडचं सगळं दिसायचं. घर आबांच्या नावावर होतं. पुढच्या खोल्यांत थोरला मुलगा, थोरली सून आणि त्यांची मुलं. मागच्या एका खोलीत धाकटी सून आणि तिची लहान मुलगी. धाकटा मुलगा ऊस वाहताना ट्रॉली उलटून गेला होता. आबांची बाज पुढच्या ओट्यावर असायची. तिथून रस्ताही दिसायचा आणि खुराडंही.

आबांनी सगळी नोकरी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काढली होती. कोंबड्यांची नावं तिथूनच आलेली. सगळ्यांना टोचणारी तांबडी कोंबडी म्हणजे सरपंचीण. तिच्या खालोखाल उपसरपंचीण. मग चार-पाच सदस्य. आणि सगळ्यात शेवटी एक पांढरी, मान आखडून भिंतीकडेनं चालणारी. तिचं नाव मतदार.

"मतदार का हो आबा?"

"तिला समदे टोचत्यात म्हून."

हसू यायचं. ते स्वतः मात्र हसत नसत.

एका सकाळी धाकटी ती पांढरी कोंबडी पदराखाली घेऊन उपकेंद्रात आली. शेपटीच्या वर पिसं उपटलेली, कातडी फाटलेली. "शिस्टर, काय तरी लावा. मरंल ही." मी माणसाला लावते तसं जखम धुऊन लाल औषध लावलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. जखम हाताच्या तळव्याएवढी झाली होती. आम्ही दोघी खुराड्याशी गेलो. आबा तिथे उभेच होते.

"लाल दिसलं की जास्त टोचत्यात," ते म्हणाले. "रगत वाटतं त्यास्नी."

"मग काल का नाही सांगितलंत? तुमच्यासमोरूनच तर घेऊन गेली ती."

"तुमी इचारलं न्हाय."

यात कुजकेपणा नव्हता. मला आजही तसंच वाटतं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांच्या अंगात मुरलेला नियम होता. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं, "शिस्टर, मिटिंगीत सतरंजी टाकायची, पानी द्यायचं आन् भिताडाला टेकून हुबं ऱ्हायाचं. आत काय काय ठरायचं, कुनाची जमीन कुनाच्या नावावर चढायची. समदं ऐकलं. तोंड उघडलं असतं तर पयल्याच वर्षी घरी बसलो असतो." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मी कोंबडीला तोंडातल्या फोडांवर लावायचं जांभळं औषध लावलं. जांभळ्या जखमेकडे कुणी ढुंकूनही बघेना. आठवड्याभरात खपली धरली. धाकटीला केवढा आनंद झाला. त्या घरात तिच्या हातून बरी झालेली ती एकच गोष्ट असावी.

पण औषधानं खोड जात नाही. मला कामं क्रमानं लावायची सवय आहे. म्हटलं, खुराडं लहान आहे, ते वाढवा. दिवसा मेथीची जुडी टांगा, चोचींना काम मिळेल. आणि मार खाणारीला वेगळं ठेवू नका. ती परत आली की पुन्हा नवी पाहुणी, पुन्हा मार. मारणारीला बाहेर काढा. सरपंचीण थोडे दिवस डालग्याच्या टोपलीखाली राहिली की बाकीच्या तिला विसरतात, आणि परत आल्यावर तिलाच अंग चोरून चालावं लागतं. हे माझ्या माहेरी आम्ही करत असू.

धाकटीनं तांबडी पकडून डालग्याखाली घातली. दुपारी थोरली बाहेर आली आणि डालगं उलथून तिनं कोंबडी सोडून दिली. "रोज अंडं देनारी कोंडून घालत्यात व्हय? आन् शिस्टर, मानसांची औषधं कोंबड्यांला लावताय ते वर कळवलंय का?"

मी आबांकडे पाहिलं. खुराडं त्यांचं, कोंबड्या त्यांच्या.

"त्यांचं त्यांना ठरवू दे," आबा म्हणाले.

आमच्याकडे पाहुणा आला की कोंबडी कापतात, हे सांगायला नको. कुठली कापायची हेही सांगावं लागत नाही. अंडं देणारी राखायची, दबून गेलेली कापायची. तिची वाढ खुंटलेलीच असते. थोरलीचे भाऊ आले आणि मतदार गेली. धाकटीनं मसाला वाटला, पण ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर सदस्यांमधली एक करडी भिंतीकडेनं चालत होती. तिची पिसं उडायला लागली होती.

"ही तर चांगली होती की कालपर्यंत," मी म्हटलं.

"तळाची गेली की तिच्या वरची तळाला," आबा म्हणाले. "टोचायला कुनीतरी लागतंच."

त्या घरात धाकटीला कुणी कधी मारलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तसं काही असतं तर मी नोंद करून इंदापूरला पाठवू शकले असते. तिच्या वाट्याला नुसत्या टोची होत्या. ती दळण घेऊन निघाली की गिरणी बंद झाल्याचं सांगायचं. मुलीच्या दुधात पाणी घालायचं. तिनं वाळत घातलेलं लुगडं चिखलात पडायचं आणि "वारा किती सुटलाय" असं कुणीतरी म्हणायचं. मागच्या खोलीत एकेक करत पेंडीची पोती येऊन पडली, शेवटी मायलेकी दाराच्या तोंडाशी झोपायला लागल्या. एका टोचीची तक्रार कोण करणार? केली तर माणूसच हलकं ठरतं.

ती माझ्याकडे लोहाच्या गोळ्या न्यायला यायची आणि दारात रेंगाळायची. "शिस्टर, मला वाटनी नको, काय नको. आबांनी एकदा म्हनावं, ही हितंच ऱ्हाईल. बास. त्यांच्या शब्दाबाहेर कोन जातंय."

खरंच कुणी गेलं नसतं. थोरला बापाला भीत होता. घर बापाच्या नावावर होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आबांना तसं स्पष्ट सांगितलं, कुंपणापाशी उभी राहून. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "पोर गुनाची हाय," एवढंच म्हणाले.

मग थोरल्यानं धाकटीच्या भावाला सोमेश्वरनगरहून बोलावून घेतलं. ओट्यावर सतरंजी टाकली गेली. ती आबांनीच टाकली. बाईमाणूस असावं म्हणून मलाही बोलावलं होतं. थोरला म्हणाला, "जागा पुरंना. माजी पोरं मोठी झाली. तिनं आता म्हायेरी ऱ्हावं. आमी न्हाय म्हनत न्हाय, सनाला यावं." थोरली उंबऱ्याआड उभी होती, पदर दातात धरून.

भाऊ बिचारा ऊसतोडीच्या हंगामातून उठून आलेला, कपड्यांना पाचटाची कुसळं चिकटलेली. तो आबांकडे वळला. "आबा, घर तुमचं हाय. तुमी सांगाल ते आमाला मान्य."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. धाकटीसुद्धा. एरवी तिची मान कधी वर नसायची. आबा सतरंजीवर बसले नव्हते. भिंतीला टेकून उभे होते, हात पाठीमागे. त्यांचे ओठ हलले, असं मला वाटलं. मग त्यांची नजर अंगणाकडे गेली.

"त्यांचं त्यांना ठरवू दे," ते म्हणाले.

धाकटी उठली. "ठरलंच हाय की मग," एवढं बोलून मुलीला काखेत घेऊन आत गेली. बोचकं तिनं आधीच बांधून ठेवलं होतं. दुपारच्या एसटीनं ती गेली. मुलगी खिडकीतून आबांना हात करत होती. आबांचे हात पाठीमागेच होते.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आबांनीही ओळखलं असणार.

आधी त्यांचा सकाळचा चहा उशिरा यायला लागला. मग गार. मग कपाला कान नसायचा. ओट्यावर थोरल्याच्या मुलाची सायकल आली आणि आबांची बाज गोठ्यात गेली. खोकला आला की आतून आवाज यायचा, "आबा, जरा तिकडं तोंड करून." नातवंडं हात पाठीमागे बांधून त्यांची नक्कल करायची आणि थोरली तोंडाला पदर लावून हसायची. मी थोरल्याला अडवून विचारलं तर तो म्हणाला, "त्यांचं काय म्हननं हाय का? त्यास्नीच इचारा." विचारलं. आबा म्हणाले, "काय न्हाय. गोठ्यात वारं चांगलं लागतं."

एकदा दुपारी ते कपाळावर हात धरून उपकेंद्रात आले. भुवईच्या वर फाटलं होतं.

"काय झालं?"

"चौकट लागली."

गोठ्याला चौकट नव्हती. नुसत्या दोन लाकडी मेढी होत्या. मी जखम धुतली. उथळ होती, टाका लागत नव्हता. लाल औषधाची बाटली उघडली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कशात हात घातलेला मी तेवढाच पाहिला.

"लाल नको शिस्टर," ते म्हणाले. "जांभळं द्या."

मी कापूस बदलला. जांभळं लावलं, चांगलं दाट. ते डोळे मिटून बसले होते. मी म्हटलं, "मी आज बोलते थोरल्याशी. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

"त्यांचं त्यांना," ते म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत. मग उठून शेराच्या कुंपणाला वळसा घालून गोठ्याकडे गेले.

त्या संध्याकाळी मी थोरल्याशी बोलले. तो खाली मान घालून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही. मग चार दिवसांतच गोठ्यातून निरोप आला. म्हैस सोडायला गेलेल्या गड्याला आबा उठले नाहीत एवढंच कळलं होतं. मी जाऊन नाडी पाहिली. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांना ओट्यावर आणून ठेवलं, पूर्वी बाज असायची तिथेच. जांभळं औषध लवकर जात नाही. कपाळावर डाग तसाच होता. थोरली मोठ्यानं रडत होती. धाकटी दुपारी पोचली, भावाच्या मागून. ती रडली नाही. कडेला उभी राहिली, भिंतीला टेकून.

बायका एकेक करून पुढे होत होत्या. थोरलीनं गुलाल-बुक्क्याच्या ताटातून गुलालाची मूठ भरली आणि आबांच्या कपाळावर, भुवईच्या वर, दाबून लावली.

धाकटी भिंत सोडून पुढे आली. खाली बसून तिनं पदराच्या टोकानं तो गुलाल पुसला, जखमेला धक्का लागू नये तसा, कडेकडेनं. थोरली म्हणाली, "अगं, काय करतीस?" धाकटीनं ताटातला बुक्का चिमटीत घेतला, आणि जांभळा डाग दिसेनासा होईपर्यंत ती तो काळा बुक्का त्यांच्या कपाळावर लावत राहिली.