शीग लावलेलं दूध

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नात अडीच महिन्यांची होती आणि तिच्या पोटात दूध टिकत नव्हतं.

आमचं घर वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या बाजूला. भाड्याच्या दोन खोल्या. मुलगा ट्रक चालवतो, एकदा निघाला की आठ-दहा दिवस तोंड दिसत नाही. सून जवळच्या गोदामात पॅकिंगला जाते. ठेक्याची नोकरी. बाळंतपणाला दोन महिने झाले न झाले, तिला निरोप आला की येत असशील तर ये, नाहीतर दुसरी पाहतो. सिझरनंतर तिला ताप धरला होता, त्यात अंगावरचं दूध आटलं. डॉक्टरीण बाईंनी डब्याची पावडर लिहून दिली होती. माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. मग लेकराला पाहणार कोण? मी म्हटलं, मी पाहतो. चाळीस वर्षं गोदामात पोती वाहिली, चार किलोचं लेकरू मला जड आहे काय!

सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत नात माझ्याकडे असायची. तेवढ्यात दुधाच्या तीन पाळ्या.

तिला ओकायचा त्रास होता. दूध पिऊन झालं की पाच-दहा मिनिटांत कधी तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा, कधी भसकन माझ्या बनियनवर. पाठ ताणून, लालबुंद होऊन रडायची. डॉक्टरीण बाईंनी पहिल्यांदा तपासलं तेव्हा समजावून सांगितलं होतं. अन्ननळीच्या खालचं झाकण लहान लेकरांचं ढिलं असतं, त्यामुळे दूध वर येतं. मोठी होईल तसं ते घट्ट होईल. तोवर एका वेळचं दूध कमी करायचं आणि वेळा वाढवायच्या. आधी एकशेवीस मिली पाच वेळा देत होतो, आता नव्वद मिली सात वेळा. दिवसाचं दूध जवळपास तेवढंच, फक्त एकदम पोटात घालायचं नाही. तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा, म्हणजे नव्वदला तीन. दूध पाजल्यावर अर्धा तास उभं धरायचं.

हे नव्वद आमच्या नातीचं, तिच्या वजनावरून काढलेलं. तुमच्या घरच्या लेकराचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका.

सुनेनं ते सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलं. मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण लिहिता-वाचता येतं. हळू वाचतो, पण वाचतो. 'सपाट' हा शब्द मी नीट वाचला होता. वाचून मला हसूच आलं.

काहून हसू आलं ते सांगतो. माझं लहानपण सावनेरकडच्या एका खेड्यात गेलं. आई दुसऱ्याच्या शेतात ज्वारी कापायला जायची. मजुरी ज्वारीतच मिळायची, पायलीनं मोजून. पायली काठापर्यंत भरली की वर दाण्यांचा जो ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात. भला माणूस शिगेसकट ओतायचा. एका मालकाचा दिवाणजी मात्र पायली भरली की तळहात फिरवायचा आणि शीग परत राशीत पाडायचा. आई पदर धरून उभी राहायची आणि त्या हाताकडे पाहायची. तोंडातून शब्द काढायची नाही. घरी आल्यावर म्हणायची, "हातच फिरवला रे त्यानं." तिचं ते एवढंच बोलणं मला अजून ऐकू येतं. आमच्या घरून शेजारणीला वाटीभर पीठ गेलं तरी ते शीग लावूनच जायचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की सपाट माप म्हणजे समोरच्याला कमी लेखणं.

आणि आता माझ्याच नातीला सपाट चमचा? मी घातला भरून. चमचा डब्यात खुपसायचा, वर चांगला डोंगर येऊ द्यायचा आणि बाटलीत टाकायचा. असे तीन. सुनेला कशाला सांगायचं? ती तिच्या पाळीला कागदाप्रमाणे देत होती, तिला देऊ द्या.

दुसरी गोष्ट, पोरीनं ओकलं की मला वाटायचं, सगळं बाहेर पडलं, पोट रिकामं झालं. मग मी आणखी थोडं बनवून द्यायचो. आणि बाटलीच्या तळाशी राहिलं असेल तर बोंडलं तिच्या ओठांवर घासून तेवढं संपवून घ्यायचो. ती तोंड फिरवायची, मी बाटलीही तिकडे फिरवायचो.

एक दिवस सून डबा हलवून पाहत होती.

"मामाजी, हा डबा परवाच्या शुक्रवारी उघडला ना? एवढ्यात तळाले गेला?"

"पोरगी पिते. चांगलं आहे ना."

"पिते तं दिसत काहून नाही मंग?"

"दिसन. तुया नवरा बी असाच होता, काडीसारखा. आता पाहा, ट्रकच्या दारातून मावत नाही."

ती हसली आणि विषय तिथंच राहिला. मला वाटलं, जिंकलो.

तीन आठवड्यांनी वजन करायला गेलो. मी हट्टानं सोबत गेलो होतो, दादागिरीनं म्हणा हवं तर. डॉक्टरीण बाईंनी नातीला काट्यावर ठेवलं, काढलं, परत ठेवलं. वजन नावापुरतं वाढलं होतं. त्यांनी विचारलं, लंगोट दिवसातून किती ओले होतात? शी कशी होते? सून सांगत गेली. लंगोट कमी झालेत, शी कडक होते, रडते. बाईंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यातही वजन असंच राहिलं तर भरती करावं लागेल, तपासण्या कराव्या लागतील.

सून स्टूल ओढून बाईंसमोर बसली. म्हणाली, "मॅडम, मी तं सगळं तुमच्या कागदावरून करून राहिली. माझं काय चुकून राहिलं, सांगा ना."

मी भिंतीकडे पाहत होतो.

"डबा-बाटली आणली ना सोबत?" बाई म्हणाल्या. "इथेच करून दाखवा बरं."

सुनेनं थर्मासमधलं पाणी बाटलीत नव्वदपर्यंत घेतलं. चमचा भरला, डब्याच्या काठावर घासून सपाट केला. तीन वेळा. बाई म्हणाल्या, बरोबर आहे.

"दिवसा कोण पाजतं?"

"मामाजी."

"बाबाजी, तुम्ही दाखवा."

मी म्हटलं, "मी काय परीक्षेले बसलो काय?"

"हो, बसा. मीपण रोज बसते. हे लेकरू घेते माझी परीक्षा."

मग काय करणार. दुसरी बाटली घेतली, पाणी ओतलं, चमचा भरला. माझा हात मला विचारत नाही, तो त्याच्या सवयीनं चालतो. पहिला डोंगर बाटलीत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला सुनेनं माझं मनगट धरलं.

"मामाजी! असंच देऊन राहिले तुम्ही? रोज?"

"मंग काय उपाशी ठेवू पोरीले? चिमूटभर पावडर पाण्यात कालवून देऊ?"

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "बाबाजी, पावडर जास्त झाली की दूध घट्ट होतं. लेकराला त्यातून पाणी कमी मिळतं. तहान लागते, शी कडक होते, किडनीवर ताण येतो. ते घट्ट दूध पोटात पडून राहतं आणि वर येतं. तुम्ही जेवढं जास्त घालता, तेवढं ती जास्त टाकते."

"आणि टाकते ते? सारं दूध बाहेर पडते, डोळ्यानं पाह्यलं मी."

बाईंनी चहाच्या चमच्यानं दोन चमचे पाणी टेबलावर ओतलं. पसरत पसरत पार कागदापाशी गेलं. "हे दोन चमचे आहेत. बनियनवर पडलं असतं तर तुम्ही वाटीभर म्हणाला असता. ओकल्यावर भरपाई करायची नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. आणि तिनं तोंड फिरवलं की तिचं झालं. नव्वदमधलं सत्तर प्यायली तर सत्तर. उरलेलं टाकून द्यायचं, नंतरसाठी ठेवायचं नाही."

"टाकून?"

"टाकून. आणि ओकारी हिरवी झाली, रक्त दिसलं, नाहीतर जोरात कारंज्यासारखी उडाली, तर माझी वाट न पाहता दवाखान्यात आणायचं."

ऑटोत सुनेनं लेकराला माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच्याच मांडीवर ठेवलं. घरी आल्यावर कपाटावरची पिशवी काढली आणि नातीचे लंगोट घड्या करून त्यात ठेवायला लागली.

"काय करून राहिली वं?"

"उद्या सुट्टी टाकते. काटोलले माझ्या आईजवळ नेऊन ठेवते पोरीले."

"आणि तू?"

"मी काय, मी रविवारी जाईन भेटाले."

"अडीच महिन्यांचं लेकरू आईपासून तोडते?"

"मंग काय करू, मामाजी? नोकरी सोडू? का तुमच्या हाती देऊन कामावर दिवसभर जीव टांगून ठेवू? तुम्ही मले सांगतलं असतं तं मी भांडली असती. पण तुम्ही सांगतलंच नाही."

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, ही माझी जुनी खोड. त्या वेळी आवाज चढला नाही. ती लेकराला घेऊन आतल्या खोलीत गेली.

मला मात्र अजून पटलं नव्हतं. डॉक्टर सांगतात, कागद सांगतो, पण मी माझ्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय मानत नाही. त्याच संध्याकाळी एक कोरडी ताटली घेतली. आदल्या डब्याच्या तळाशी थोडी पावडर राहिली होती. तिचे शीग लावलेले तीन चमचे ताटलीत काढले. मग तीच पावडर परत चमच्यात भरून, सुरीच्या पाठीनं सपाट करून मोजली. एक, दोन, तीन, चार. आणि अर्धा वर. परत सगळं एकत्र करून मोजलं. तेवढंच भरलं.

नव्वद पाण्यात मी साडेचार चमचे घालत होतो. दिवसातून तीन वेळा, वर ओकल्याची भरपाई वेगळी.

आईला मिळालेली ज्वारी डोक्यावरून घरी यायची, आठ दिवस पुरवून पुरवून खायची. तिथं शिगेला अर्थ होता. नातीच्या पोटात तर मी जे घालीन ते तिला त्याच घटकेला पेलायचं होतं. तिची मूठ माझ्या अंगठ्याएवढी, पोट तरी केवढं असणार? ती तोंड फिरवून मला सांगत होती की पुरे झालं. माझ्या आईला तिथं बोलता आलं नाही. ही पोर बोलत होती आणि मी ऐकत नव्हतो. त्या दिवाणजीला मी आयुष्यभर नावं ठेवली. या लेकराशी मी कसं वागलो, ते लिहिताना आजही हात थांबतो.

माफी मागायची मला सवय नाही. बायकोचीही कधी मागितली नाही, आता मागायची म्हटली तरी ती नाही. रात्रभर शब्द जुळवले, एकही धड जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सून केस बांधत होती. पिशवी दाराजवळ तयार होती. मी हात साबणानं धुतले आणि तिला ओट्याजवळ बोलावलं. म्हटलं, "पोरी, इथं उभी राह्य. मी बनवतो, तू पाह्य. चुकलो तं हात धर. आज धर, उद्या धर, महिनाभर धर. मंग बी नाही जमलं तं मीच बसवून देतो तुमाले काटोलच्या बसमधी."

उकळून कोमट केलेलं पाणी बाटलीत घेतलं, खाली वाकून नव्वदची रेघ डोळ्यासमोर आणून पाहिली. चमचा भरला, सुरीची पाठ फिरवली. तीन वेळा. सुनेनं मनगट धरलं नाही. नातीला मांडीवर जरा उभंच घेतलं आणि पाजलं. सत्तरेक मिली पोटात गेलं तेव्हा ती थांबली आणि तोंड सुनेकडे फिरवलं. वीसेक मिली राहिलं होतं. मी बाटली बाजूला ठेवली. खांद्यावर घेतलं, ढेकर काढला, थोडं ओकली ते फडक्यानं पुसलं आणि तिला उभी धरून खोलीत येरझारा घालत राहिलो. घड्याळात पूर्ण अर्धा तास.

सुनेनं पिशवीतून दोन लंगोट काढून दोरीवर टाकले, चप्पल घातली. "नऊ वाजता फोन करते," म्हणाली, "फोटो पाठवा चमच्याचा." आणि कामावर गेली.

मी पोरीला उताणं निजवलं, मोरीत गेलो आणि राहिलेलं दूध ओतून दिलं.