अकरा पावलांवरचा कॅमेरा

आमच्या घरात पाळण्यापासून सोफ्यापर्यंत अकरा पावलं आहेत. मी मोजली आहेत. जरा ढांगा टाकल्या तर नऊच. एवढ्याशा अंतरावर नजर ठेवायला मी जेवढा अभ्यास केला तेवढा बारावीला केला असता, तर आज हडपसरपुढच्या मांजरी गावात दोन खोल्या आणि हॉल न घेता चंद्रावर बंगला बांधला असता.

बायकोला सातवा महिना लागला आणि माझ्या डोक्यात बेबी मॉनिटर शिरला. वायफायवर चालणारा कॅमेरा पाळण्यावर बसवायचा, बाळ हललं की फोन वाजणार, मग आपण ऑफिसात असो नाहीतर हिमालयात, बाळ समोर. मी हडपसरला एका कंपनीत नेटवर्कच्या सुरक्षेचं काम करतो. म्हणजे जगातल्या सगळ्या चोरांवर माझा संशय असतो आणि त्याबद्दल मला पगार मिळतो. असा माणूस दुकानात जाऊन "एक कॅमेरा द्या" म्हणेल होय? मी चारशे कॅमेरे नाकारले. बायको हे वाचणार आहे, म्हणून खरा आकडा सांगतो. चौदा.

एकाचं चित्रण परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर जात होतं. नाकारला. दुसऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलताच येत नव्हता. नाकारला. तिसऱ्याच्या कंपनीने सॉफ्टवेअर दोन वर्षांत सुधारलं नव्हतं, त्याच्याकडे तर मी गुन्हेगाराकडे बघावं तसं बघितलं. शेवटी सापडला तो कॅमेरा म्हणजे किल्ला होता. चित्रण घरातल्याच कार्डावर, रस्त्यात कुणी पकडलं तरी वाचता येणार नाही असं गुंडाळलेलं, आणि त्याच्यासाठी मी घरात वेगळं वायफाय उभारलं. आमच्या फ्रिजलासुद्धा त्याच्याशी बोलायची परवानगी नव्हती.

आईने तो खोका उलटासुलटा करून बघितला. आई सदाशिव पेठेत राहते, बाबा गेल्यापासून एकटीच, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे यंत्राला घाबरत नाही आणि माणसाचं ऐकून घेत नाही.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"बाळ दिसायला."

"अकरा पावलांवर आहे ना? चालत जाऊन बघ. व्यायाम होईल."

कॅमेरा मी बसवला. आई रिकामा खोका घेऊन गेली. "मजबूत आहे, टाकू नकोस," म्हणाली. लाडू ठेवायला तिला असले खोके लागतात.

मुलगी झाली. बायकोचं माहेर वर्ध्याकडे. तिची आई इथेच येऊन महिनाभर राहिली. आम्ही नाव ठरवलं ते पहिल्याच आठवड्यात, पण बारशापर्यंत ते कुणाला सांगायचं नाही ही रीत. आईने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, सोसायटीच्या वॉचमनने विचारलं. आम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून बसलो. आणि नेमकी त्याच दिवसांत कॅमेऱ्याने पासवर्डची मागणी केली.

मी म्हटलं, आत्ता या पृथ्वीतलावर फक्त दोन माणसांना माहीत असलेला शब्द कोणता? झालं. मुलीचं नाव, पुढे साल, शेवटी तो गोल वेटोळ्याचा ॲट. माझं मलाच कौतुक वाटलं. दर तीन महिन्यांनी मी ऑफिसात नव्या मंडळींना भाषण देतो, त्यात एक पूर्ण पान आहे: मुलांची नावं पासवर्ड म्हणून वापरू नका. त्या पानावर मी एक विनोदही करतो. लोक हसतात.

महिन्याभराने बारसं झालं. माझ्या चुलतबहिणीने, म्हणजे आत्याने, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत कुर्र करून धपाटे घातले, आणि मग ती माइक घेऊन सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तिने माझ्या घराचा पासवर्ड सगळ्या हॉलला ऐकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पेढ्यांच्या पुड्यांवर तो छापलेलाही होता, सोनेरी अक्षरांत.

तो बदलायला हवा हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. आणि पासवर्डनंतर फोनवर दुसरा आकडा मागणारी सोय असते, तीही चालू करायची होती. रविवारी करू म्हटलं.

सासूबाई वर्ध्याला गेल्या आणि आईचं येणं सुरू झालं. रोज. स्वारगेटहून बस, हडपसरला दुसरी, तिथून रिक्षा. दहाला हजर. बाळाला न्हाऊ घालायची, टाळूवर तेल जिरवायची, झोपवायची, बायकोला गरम जेवायला वाढायची. हे सगळं करता करता घरावर शेरे मारायची. पडदे कधी धुतले होते? हा पंखा आहे की जाळ्यांचं संग्रहालय? बायको हसून सोडून द्यायची. मला मात्र ते टोचायचं. मी घरून काम करत असलो की मीटिंगमध्ये माझ्या मागून आवाज यायचा, "याला बनियन उलटी घातलेली कळत नाही आणि हा म्हणे सुरक्षा बघतो." अख्ख्या कंपनीने ऐकलं. बरं, तिघांनी.

तीन आठवड्यांनी मी तिला म्हटलं, "आई, तू रोज नको येऊस गं. किती दमतेस. आता कॅमेरा आहे ना."

ती बाळाचं दुपटं घडी करत होती. पुरी चौकोनी घडी झाल्यावर म्हणाली, "मग मला तो माझ्या फोनवर दिसेल असं करून दे."

"देतो की. रविवारी."

ती दमत होती हे खरं होतं. पण ते माझं कारण नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असावं, कारण तिने एकही टोमणा मारला नाही. पुण्याची बाई टोमणा न मारता उठली की समजावं काहीतरी बिनसलंय. मी समजलो नाही. मी लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो आणि परत येऊन सोफ्यावर पाय पसरले.

तो रविवार गेला. पुढचा गेला. आई फोनवर विचारायची, "तुझं ते ॲप?" मी म्हणायचो, "आई, जेवढी जास्त माणसं तेवढा धोका. आधी सगळं नीट बांधून घेतो, मग." मग तिने विचारणं बंद केलं. सोसायटीत येणाऱ्या कुणाकुणाबरोबर अळिवाचे लाडू मात्र पाठवत राहिली.

असेच एकदा लाडू आले. मी घरून काम करत होतो, सकाळचे अकरा वाजले असतील. बाळ नुकतंच झोपलेलं, आम्ही दोघं पाळण्यापाशी उभे, माझ्या हातात अर्धा लाडू.

बायको म्हणाली, "अरे, आईंना ते ॲप देऊन टाक ना. दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हणालो, "आईचा लाडू म्हणजे गुळाची ढेप. त्यात चुकून चार अळीव पडलेले."

"विषय बदलू नकोस."

"नको गं. ॲप दिलं की ती बसल्या जागेवरून रोज घरात येईल. आत्ता कुठे सुटलोय."

हेच शब्द. यात मी काही वाढवलेलं नाही, आणि मी कशातही वाढवतो.

पुढे एका शनिवारी ती दुसऱ्या आकड्याची सोय चालू करायचा मुहूर्त लागला. ॲप उघडलं. कॅमेरा कुणाकुणाच्या फोनवर चालतो त्याची यादी आली. एक मी. एक बायको. आणि एक तिसराच.

मी असा ओरडलो की मांजरीतला ऊस आडवा झाला असेल. तारखा बघितल्या. पाच आठवडे, रोज, सकाळी अकरा ते बारा. मी कॅमेऱ्याची वायर उपटली, कॅमेरा तांदळाच्या डब्यात खुपसला, तिसरा फोन यादीतून उडवला, पासवर्ड बदलून एवढा लांब केला की तो टाइप करेपर्यंत मुलगी शाळेत जाईल. आणि बायकोला आंतरराष्ट्रीय टोळ्यांवर भाषण सुरू केलं. ते लोक कसे पाळत ठेवतात, वेळा कशा टिपतात, एका छोट्या चुकीतून कसे आत येतात.

तिने माझ्या हातातून फोन घेतला. यादीचा फोटो मी पुरावा म्हणून काढून ठेवला होता, तो मोठा करून बघितला.

"तू ओरडून झाल्यावर सांग," ती म्हणाली. "हे मॉडेल तुझ्याच जुन्या फोनचं आहे ना? दिवाळीत आईंना दिलास तो?"

भाषण थांबलं. टोळीही गेली आणि तिचा म्होरक्याही गेला. बायको शांतपणे हिशेब जुळवत होती. खोका त्यांच्याकडे आहे, त्यावर ॲपचं नाव आहे. कॅमेऱ्याला आपण घरचाच इमेल दिला होता, ज्यावर आईंचं लाइटबिल येतं. आणि नाव तर सगळ्या हॉलने ऐकलं.

मग आम्ही दोघांनी एकदमच पाळण्याकडे बघितलं. अकरा ते बारा. लाडूच्या दिवशी अकराच वाजले होते.

"आवाजही जातो का त्यातून?" तिने विचारलं.

आवाज अतिशय स्वच्छ जातो. चौदा नाकारून हा निवडला त्याचं तेही एक कारण होतं.

स्कूटर काढली आणि सदाशिव पेठ गाठली. वाटेत मी सोळा प्रकारच्या माफ्या तयार केल्या; शनिवारवाड्याएवढ्या भव्य, त्यातल्या दोनांत मी रडणारही होतो. आईने दार उघडलं, साखळी न काढता.

"कोण आपण? आत घेण्याआधी ओटीपी विचारावा लागेल."

"आई..."

"हॅकरकडे आला आहात. चप्पल बाहेर काढा."

आत बसलो. टेबलावर तो जुना फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा ठेवलेला, समोर खुर्ची. फोनच्या काचेवर लाल अक्षरांत आलं होतं, आपल्याला परवानगी नाही. तिने तो अजून बंदही केला नव्हता.

"कसं उघडलंस?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"माझ्या लाइटबिलाचा पासवर्ड तूच करून दिलास ना? बाबांचं नाव, साल आणि ते वेटोळं. म्हटलं, हा मुलगा काही दुसरं शोधणार नाही. पहिल्या झटक्यात उघडलं." मग जरा थांबून, "तुला पगार किती देतात रे?"

"मला सांगायचं होतंस."

"तुला विचारलं होतं मी. चारदा."

पाचदा. मी दुरुस्त केलं नाही.

शेवटी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. आम्ही तिथे काहीबाही बोलतो, थट्टामस्करी चालते, तू ते सगळं...

"आवाज बंद ठेवला होता," आई म्हणाली. उठून ओट्याकडे गेली, गॅस पेटवला. माझ्याकडे पाठ करूनच पुढचं बोलली. "एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे. लाइन जोडून द्यायची आणि कानावरचं काढून ठेवायचं. जोडायचं, ऐकायचं नाही. एवढी वर्षं केलं ते. मला फक्त ती झोपेत हसते ते बघायचं होतं. न्हाऊन झोपली की हसते."

मी इतका हलका झालो की सोळाच्या सोळा माफ्या खिशातच राहिल्या. एकही काढावी लागली नाही. चहा प्यायलो, तिच्या फोनवर ॲप नीट चालू करून दिलं, या वेळी तिच्या नावाने, मालक म्हणून. पाहुणा असाही एक पर्याय होता. आईने तो वाचला आणि चहाचे कप उचलले. निघताना म्हटलं, "उद्यापासून ये पूर्वीसारखी." ती म्हणाली, "बघू. दिसते की इथून." आणि तोच खोका हातात दिला, कॅमेऱ्याचा, आत लाडू.

घरी आल्यावर मी कॅमेरा तांदळातून काढून परत पाळण्यावर लावला, तोवर बायकोने एक लाडू खाल्ला. "वा, या वेळी गोड अगदी बेताचं आहे," म्हणाली.

मी एक तोंडात टाकला. गूळ निम्माही नव्हता. अळीव लागत होते, खोबरं लागत होतं. माझ्या जन्मात आईने लाडवाचं प्रमाण बदललेलं नाही. बाबांना साखर निघाली तेव्हासुद्धा नाही; त्यांना लाडूच बंद केला, पण लाडू फिका केला नाही.

गुळाचं ऐकलं म्हणजे त्याच्या पुढचं, सुटल्याचं वाक्यही ऐकलं. मध्ये बायकोचे फार तर तीन शब्द होते.

बायकोला मी सांगितलं नाही. आईपाशी तर बोलताच येत नाही; तिच्या म्हणण्याप्रमाणे फोनचा आवाज बंद होता. ती मला वाचवायला खोटं बोलली, आणि ते खोटं मोडायचं तर मला तिच्या तोंडावर ते वाक्य पुन्हा म्हणावं लागेल. तेवढी छाती माझ्यापाशी नाही.

म्हणून पुढच्या सोमवारी मी घरून काम घेतलं. अकराला कॅमेऱ्याच्या यादीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. मी पाळण्यापाशी गेलो. मुलगी न्हाऊन झोपली होती. मी तिच्याकडेच बघत, पण वरच्या कॅमेऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "या वेळचे लाडू फिके झाले बाई. पहिल्यासारखे पाहिजेत. आणि आजीने ते घेऊन स्वतः यावं." ठिपका हिरवाच राहिला. बाराला गेला.

त्या आठवड्यात बायको बाळाला घेऊन पेठेतल्या डॉक्टरांकडे लशीला गेली. आई दवाखान्यात आली होती. इंजेक्शनच्या वेळी बाळाला तिनेच धरलं, मग खोका दिला आणि घरी निघून गेली. चल म्हटलं तर म्हणाली, गॅसवर काहीतरी आहे.

खोक्यात बारा लाडू होते. मी एक खाल्ला आणि दातांतून कळ गेली. गुळाची ढेप, चुकून चार अळीव.

म्हणजे लाडवांचं ऐकलं. स्वतः यायचं ऐकलं की नाही ते ती सांगणार नाही, आणि मला विचारता येत नाही. घरून काम असेल त्या दिवशी अकराला मी पाळण्यापाशी जाऊन ते पुन्हा म्हणतो. बायकोला वाटतं मी मुलीशी बोलतोय.